पहिला रॉड स्वतः बांधताना

बाजारातल्या तयार फिशिंग रॉडवर लांबी, ताकद, लाइनची क्षमता आणि ल्यूरचे, म्हणजे कृत्रिम आमिषाचे, वजन छापलेले असते. मुठीच्या मागच्या टोकापासून रीलपर्यंतचे अंतर मात्र कोणी छापत नाही. ते अंतर सरासरी हाताच्या मापाने ठरवलेले असते आणि माझा हात सरासरीपेक्षा आखूड आहे. त्यामुळे टोकाची चाल मनाजोगी असलेला रॉड मिळाला, तरी त्याची मागची मूठ कोपराच्या पलीकडे जाऊन फेकीच्या वेळी बाहीत अडकत असे. मूठ कापून घेता येते, परंतु तसे केल्याने तोल टोकाकडे सरकतो आणि दिवसभर मनगटावर भार येत राहतो. रॉड स्वतः बांधावा असे वाटले ते एवढ्याच अडचणीमुळे. रंगीत दोऱ्याची नक्षी किंवा काठीवर स्वतःचे नाव यांचे आकर्षण मला तेव्हा नव्हते आणि आजही फारसे नाही.

घरी रॉड बांधणारा माणूस काठी तयार करत नाही. काठी, म्हणजे ब्लँक, कारखान्यातूनच येते. काचतंतूचे किंवा कार्बनतंतूचे राळ लावलेले कापड निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, त्यावर पट्टी ताणून बांधतात, भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. उरते ती निमुळती पोकळ नळी. बांबूच्या सहा कामट्या चिकटवून काठ्या करत असत त्या काळी खुद्द काठी घडवणे हेच कसबी कारागिराचे काम होते. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे ब्लँक रूढ झाले, १९७३ साली फेनविक या अमेरिकन कंपनीने ग्रॅफाइटचे रॉड बाजारात आणले, आणि आज हौशी माणसाकडे उरते ते या नळीवर मूठ, रील सीट (रील अडकवायची बैठक), गाइड (लाइन ओवायची, काठीवर दोऱ्याने बांधलेली कडी) आणि टिप-टॉप (अगदी टोकाचे कडे) बसवण्याचे काम.

मी निवडलेला ब्लँक सात फुटी, एकसंध, मध्यम ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा होता. त्याच्यासाठी ८ ते १४ पौंडी लाइन आणि ७ ते २१ ग्रॅमचे ल्यूर योग्य. ताकद म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो आणि ॲक्शन म्हणजे ती कुठून वाकू लागते. फास्ट ब्लँक प्रामुख्याने टोकाच्या भागात वाकतो, स्लो ब्लँक जवळजवळ मुठीपर्यंत. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. कार्बनतंतू जितका अधिक ताठ, तितका ब्लँक हलका आणि संवेदनशील होतो, पण तितकाच तो धक्क्याला आणि ओरखड्याला नाजूक होतो. पहिल्याच कामात तो शंभरदा हाताळला जाणार, टेबलाच्या कडेला लागणार, हे गृहीत धरून मी मुद्दाम मधल्या दर्जाचा ग्रॅफाइट घेतला. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून असा रॉड विजेच्या तारांखाली किंवा वादळात उंच धरू नये, हेही येथेच नोंदवते.

सामान हाती आल्यावर मी एकच नियम ठरवला: जे टेपने बसवून पाहता येते, ते पाहून झाल्याशिवाय इपॉक्सी गोंदाची बाटली उघडायची नाही. रॉडबांधणीत परत फिरता येणार नाही अशा जागा मोजक्याच असतात, आणि त्या सगळ्या गोंदाशी जोडलेल्या असतात. त्यांच्या आधी हवा तेवढा वेळ घेता येतो.

पहिला प्रश्न आला तो काठीची कोणती बाजू वर ठेवायची हा. कापड गुंडाळताना त्याच्या कडा एकावर एक येतात, त्यामुळे नळी सगळ्या बाजूंनी सारखी ताठ नसते. तिच्यावरच्या सर्वांत ताठ रेषेला स्पाइन म्हणतात. ती शोधण्यासाठी ब्लँकचे जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेकवायचे, टोकाकडचा भाग एका हाताच्या तळव्यावर मोकळा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने मध्ये हलका दाब द्यायचा. दाब पडताच काठी आपोआप गरकन वळते आणि जिकडे वाकायला सर्वांत सोपे तिकडे स्थिरावते. हातात होणारी ती उडी स्पष्ट जाणवते. गाइड याच रेषेवर बसवले नाहीत तर रॉड मासा ओढताना पीळ खातो, असा जुना आग्रह आहे. मला तो पुरता पटला नाही. माझा रॉड स्पिनिंगचा; अशा रॉडमध्ये रील आणि गाइड काठीच्या खाली असतात, म्हणजे लाइनचा ओढा जिकडे आहे तिकडेच ते आधीपासून लटकलेले असतात. तिथे पीळ पडायला कारणच फारसे उरत नाही. डोळ्याला खुपते ते वेगळेच. कोणताही ब्लँक अगदी सरळ नसतो. जाड टोकाकडून डोळा लावून काठी हळूहळू फिरवली तेव्हा टोकाकडे एका बाजूला सूक्ष्म कल दिसला. तो कल वर येईल अशी काठी धरली की समोरून ती सरळ दिसते, आणि गाइडच्या वजनाने टोक किंचित खाली आले की तो कल आणखी कमी होतो. मी स्पाइन खडूने टिपून ठेवली, पण गाइडची रेषा सरळपणावर ठरवली.

मुठीचे माप घेण्यासाठी कागदावरच्या आकड्यांपेक्षा ब्लँकच उपयोगी पडला. रील सीट त्यावर तात्पुरती टेपने बांधली, रील लावले, रीलची दांडी बोटांच्या मध्ये धरली आणि काठीचे मागचे टोक कोपराच्या जरासे अलीकडे संपेल अशी सीट सरकवत राहिले. फेकण्याची हालचाल करून पाहिली, दोन्ही हातांनी करून पाहिली, जाड बाह्यांचा कोट घालूनही करून पाहिली. तयार रॉडमध्ये मिळते त्यापेक्षा हे अंतर बरेच कमी भरले. तोलाची चिंता होती, परंतु ती गाइड निवडताना सोडवता येते: टोकाजवळ वाचवलेला एक ग्रॅम हाताजवळच्या कित्येक ग्रॅमांना भारी पडतो, कारण तो लांब तरफेच्या टोकाला असतो.

मूठ कॉर्कची घेतली. ईव्हीए फोम स्वस्त आणि टिकाऊ असतो आणि नवख्याला तोच सोपा, हे मान्य. तो थोडा ताणला जातो आणि छिद्र जरा लहान असले तरी चालते. कॉर्कचे छिद्र मात्र काठीच्या निमुळतेपणाला जुळेल असे कोरावे लागते. जुन्या सळईवर भरड पॉलिश पेपर चिकटवून मी ते थोडे थोडे घासत गेले आणि दर वेळी मूठ काठीवर सरकवून कुठे अडते ते पाहिले. रील सीटचे छिद्र काठीपेक्षा बरेच मोठे असते. ती पोकळी भरण्यासाठी मास्किंग टेपच्या तीन कड्या गुंडाळल्या आणि त्यांच्यामध्ये गोंदासाठी मोकळी जागा ठेवली. टेप सलग गुंडाळल्यास सीट कागदावर चिकटते, काठीवर नाही. येथे जलद सुकणारा गोंद मोहात पाडतो, पण पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत सीट सरळ करायला वेळच मिळत नाही; घट्टसर आणि सावकाश बसणारा इपॉक्सी योग्य. आधी मागची मूठ, मग सीट, मग पुढची आखूड मूठ आणि शेवटी तिच्या तोंडाशी बसणारी कडी, असा टोकाकडून सरकवण्याचा क्रम असतो. सीट जागेवर येताच रील लावून, मागून डोळा लावून, खुणेशी ती जुळते का ते पाहिले, आणि आट्यांत शिरू पाहणारा गोंद स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतला. हा टप्पा झाल्यावर खालची बाजू कायमची ठरते.

टिप-टॉप मात्र इपॉक्सीने चिकटवू नये. तो कधी ना कधी वाकणार किंवा त्याचे कडे तडकणार, आणि तेव्हा तो काढता यायला हवा. त्यासाठी उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाची कांडी असते. ज्योत कांडीला आणि नळीला दाखवावी, ब्लँकला कधीही नाही. तापलेल्या राळेने टोक कमकुवत होते आणि ते बाहेरून दिसतही नाही. अमेरिकन पद्धतीत टिप-टॉपच्या नळीचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात, म्हणजे ५ क्रमांकाची नळी सुमारे २ मिलिमीटरची. टोकाचा व्यास कॅलिपरने मोजूनच तो घ्यावा.

आता गाइड. सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ मी येथे दिला, आणि रॉड चांगला की वाईट हे येथेच ठरते, असे माझे मत आहे. दोऱ्याचे काम लोकांना दिसते म्हणून त्याची चर्चा अधिक होते. काठी जितके फूट लांब तितके गाइड, फार तर एखादा जास्त, आणि वर टिप-टॉप, असा ढोबळ हिशेब असतो. स्पिनिंग रीलवरून लाइन मोठमोठी वेटोळी घेत सुटते. पहिला मोठा गाइड त्यांना आवरतो, पुढचे दोन-तीन त्यांना आवळत नेतात आणि त्यापुढचे लहान गाइड फक्त लाइन काठीजवळ ठेवतात. म्हणून माझी कडी २५, १६, १० आणि त्यापुढे ८ व ६ क्रमांकाची अशी उतरत गेली. हा आकडा कड्याच्या बाहेरच्या व्यासाचे मिलिमीटर सांगतो. टोकाकडचे गाइड एकाच पायाचे घेतले (पाय म्हणजे गाइडचा काठीवर टेकणारा, दोऱ्याने बांधायचा भाग), कारण ते हलके असतात आणि काठीच्या वाकण्यात कमी आडवे येतात.

तयार तक्त्यांमध्ये दिलेली अंतरे सुरुवातीला घ्यायला ठीक असतात. ती घेऊन मी सगळे गाइड बारीक रबरी कड्यांनी काठीवर अडकवले, त्यांतून लाइन ओवली, तिचे टोक एका जड वस्तूला बांधले आणि मूठ हळूहळू उचलली. काठी कमानीसारखी वाकते, पण लाइन दोन गाइडांमध्ये सरळच धावते. जिथे लाइन काठीपासून फार दूर जाते तिथे दोन गाइडांमधले अंतर जास्त असते. जिथे एखाद्या गाइडपाशी तिला तीक्ष्ण कोन पडतो तिथे सगळा ताण त्या एका जागेवर आलेला असतो. एक गाइड अर्धा इंच सरकवला की शेजारचे दोघे बिघडतात, म्हणून हा खेळ बराच चालला. शेवटी लाइनचे कोन टोकाकडून मुठीकडे हळूहळू सौम्य होत गेले आणि कुठेही काठी एकदम मोडल्यासारखी वाकलेली दिसेना, तेव्हा पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या.

त्यानंतरही दोऱ्याला हात लावला नाही. गाइड टेपने घट्ट बांधून, गळ न लावता नुसते वजन बांधून मोकळ्या जागी फेकून पाहिले. पहिला मोठा गाइड रीलच्या तोंडापासून सुमारे २० इंचांवर होता आणि प्रत्येक फेकीत लाइन काठीवर फटफट आपटत असल्याचा आवाज येत होता. तो गाइड थोडा पुढे सरकवताच आवाज जवळजवळ थांबला आणि वजन लांब जाऊ लागले. दर वेळी टेप काढून पुन्हा लावणे कंटाळवाणे आहे, पण ही माहिती तक्त्यात मिळाली नसती, कारण ती माझ्या रीलच्या तबकडीवर आणि माझ्या लाइनच्या जाडीवर अवलंबून होती.

बांधण्याआधी गाइडचे पाय कानशीने घासावे लागतात. कारखान्यातून आलेल्या पायाची कड उभी असते. दोरा त्यावर चढताना उडी मारतो आणि तिथे फट राहते. वरून उतार दिला की दोरा सलग चढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायाच्या खालच्या कडेला राहिलेला बारीक धारदार काटा काढून टाकणे, कारण भाराखाली तो ब्लँकमध्ये रुततो, आणि कार्बनची काठी मोडते तेव्हा मोडण्याची सुरुवात अनेकदा अशाच ओरखड्यापासून झालेली असते.

दोरा बांधण्यासाठी यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना खाचा पाडून त्यांना मऊ कापड लावले, दोऱ्याचे रीळ बशीत ठेवले आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांतून काढला. पुस्तकावर वजन कमी-जास्त केले की ताण बदलतो. हलक्या रॉडसाठी ए क्रमांकाचा बारीक नायलॉन दोरा पुरतो. सुरुवातीचे टोक दोऱ्याच्याच पहिल्या वेढ्यांखाली दाबायचे, सहा-सात वेढे झाले की ते कापायचे आणि काठी फिरवत पायावर चढत कड्याकडे जायचे. शेवटचे सहा-सात वेढे उरले असताना वेगळ्या दोऱ्याचा एक फास मध्ये ठेवायचा, त्यावरून उरलेले वेढे घ्यायचे, टोक त्या फासात ओवायचे आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली आणायचे. गाठ कुठेच नसते. नंतर गुळगुळीत वस्तूने वेढे घोटले की बारीक फटी मिटतात. ताण किती असावा याची कसोटी अशी, की बांधून झाल्यावरही अंगठ्याने जोर दिला तर गाइड जरासा हलला पाहिजे. त्या हलण्यातच शेवटची सरळ रेषा साधता येते.

रंगाबाबत एक गोष्ट आधी करून पाहावी. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पिऊन पारदर्शक होतो आणि गडद दिसू लागतो. मी एका फालतू काठीवर तीन रंगांचे तुकडे बांधून त्यांवर इपॉक्सी लावला, तर सुरेख हिरवा दोरा काळ्या पार्श्वभूमीवर जवळजवळ काळाच झाला. रंग टिकवणारे द्रव मिळते, तसेच रंग न बदलणारा दोराही मिळतो, परंतु त्यांत इपॉक्सी दोऱ्याच्या आत कमी मुरतो. मी मुरणारा साधा दोरा आणि काळपट हिरवा रंग स्वीकारला.

सगळे गाइड मागून डोळा लावून, मग चार-पाच पावले दूर जाऊन पुन्हा सरळ पाहिल्यावर शेवटी इपॉक्सी. दोऱ्यावर लावायचा इपॉक्सी वेगळा असतो. तो पातळ, स्वच्छ आणि सुकल्यावर थोडा लवचीक राहणारा असतो. राळ आणि हार्डनर सम प्रमाणात, दोन वेगळ्या सिरिंजमधून, प्रत्येकी ३ मिलिलिटर घेतले. याहून कमी घेतल्यास मापातली किंचित चूकही प्रमाणाने मोठी होते आणि लेप कायमचा चिकट राहतो. हार्डनर त्वचेला लागत राहिल्यास ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. मिश्रण तीन-चार मिनिटे सावकाश ढवळले आणि लगेच ॲल्युमिनियम फॉइलवर पसरले. पेल्यात साचलेला इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतो. पसरल्यावर तो थंड राहतो आणि बुडबुडेही वर येऊन फुटतात.

ब्रशने लेप देताना सर्वांत जास्त लक्ष दिले ते पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली राहणाऱ्या बारीक बोगद्यांकडे. ते भरले नाहीत तर पाणी आत शिरते. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर खालून फिरवताच फुटतात. ज्योत थबकली तर लेप उकळतो. यानंतर काठी संथ फिरत राहायला हवी, नाहीतर लेप खाली ओघळतो. माझ्याकडे मिनिटाला काही फेरे घेणारी लहान मोटर होती. मोटर नसल्यास सुरुवातीचे काही तास दर थोड्या मिनिटांनी काठी हाताने अर्धी वळवत बसावे लागते. जादा लेप मध्ये फुगून मोठ्या मण्यासारखा दिसू लागला, तेव्हा मोटर थांबवून तो खाली जमू दिला आणि ब्रशने उचलून घेतला. जाड लेपाने रॉड मजबूत होत नाही, फक्त जड होतो. हवा दमट असेल तर हे काम पुढे ढकललेले बरे, कारण पृष्ठभागावर धुरकट तेलकट थर येतो. सिलिकॉन असलेले कोणतेही तेल किंवा पॉलिश जवळपास असू नये. त्याचा पुसटसा अंश असला तरी तिथे लेप बाजूला सरकून खड्डे पडतात.

पहिला लेप पातळ होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरा दिला. स्पर्शाला कोरडा वाटला तरी तो पुरता कडक व्हायला काही दिवस लागतात, आणि तोवर रॉड वाकवू नये. पहिल्यांदा खऱ्या भाराखाली वापरल्यानंतर मी प्रत्येक पायाच्या टोकाशी लेपात केसासारखी चीर पडली आहे का ते भिंगातून पाहिले आणि प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवला. तडा असेल तर कापसाचे तंतू अडकतात. मागची मूठ आता बाहीत अडकत नाही. तोल रीलच्या दांडीच्या किंचित पुढे येतो, म्हणजे मला हवा होता त्यापेक्षा थोडा टोकाकडे, पण हाताला तो खटकत नाही.

पुढचा ब्लँक कास्टिंगसाठी आणून ठेवला आहे. त्यात रील आणि गाइड काठीच्या वर येतात, म्हणजे भाराखाली लाइन काठीला उलटी फिरवू पाहते. पहिला गाइड वर ठेवून पुढचे दोन-तीन क्रमाने बाजूला वळवत न्यायचे आणि उरलेले सगळे खाली बसवायचे, हा त्यावरचा एक उपाय आहे. त्या वळणाची जागा कुठे असावी, ते रबरी कड्या लावून सध्या पाहते आहे.